न सापडलेल्याची मोजदाद

१

एका छोट्या संस्थेने आपल्या जुन्या मासिकाचे अंक संगणकावर चढवायचे ठरवले, तेव्हा त्या कामात मी अधूनमधून हातभार लावत असे. अंक पुन्हा टाइप झाले, डेटाबेसमध्ये गेले आणि एके दिवशी पडद्यावर शोधाची चौकट अवतरली. कोणताही शब्द टाका, तो ज्या लेखांत असेल ते लेख समोर हजर. त्या दिवशी सगळे जमले होते. कुणीतरी ‘विहीर’ टाकून पाहिले. क्षणात यादी आली. दोन-चार लेख उघडले, प्रत्येकात विहीर होती. चहा आला, पेढे वाटले गेले.

टायपिंग करणाऱ्या ताई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, विहिरीत पडलेल्या म्हशीची एक गोष्ट होती. मी स्वतः टाइप केलीय. ती कुठे दिसत नाही यात.”

यादी वर-खाली करून पाहिली. गोष्ट खरोखरच नव्हती. डेटाबेसमध्ये मात्र ती शाबूत होती. तिच्यात ‘विहिरीत’ होते, ‘विहिरीच्या’ होते, ‘विहिरीवर’ होते. नुसता ‘विहीर’ हा शब्द एकदाही नव्हता. आपल्या लेखी ती एकच विहीर. संगणकाच्या लेखी हे चार निराळे शब्द. ताई त्या दिवशी तिथे नसत्या, तर ती म्हैस कायमची विहिरीतच राहिली असती.

मला तेव्हापासून खटकत राहिली ती आमची पेढे वाटण्याची घाई. आम्ही जी यादी तपासली तिच्यातला प्रत्येक लेख बरोबर होता, आणि नेमक्या त्याच कारणाने कुणाला शंका आली नाही. यादीत काय आहे ते यादी दाखवते. काय राहून गेले ते दाखवायची सोय कोणत्याच यादीत नसते. मग जे सापडलेच नाही ते मोजायचे कसे? हा प्रश्न आमच्या आधी सत्तर वर्षे काही ग्रंथपालांना आणि संशोधकांना छळत होता. त्यांनी त्याची जी उत्तरे शोधली, त्यांचा हा वृत्तान्त.

२

आधी सूची म्हणजे काय ते पाहू. ग्रंथात पानावर शब्द असतात. ग्रंथाच्या शेवटच्या सूचीत शब्दापुढे पाने असतात. सूची म्हणजे उलटा केलेला ग्रंथ. संगणकातली ‘फुल-टेक्स्ट’ सूची याच जातीची आहे. तिच्यात निवडक शब्दांऐवजी जवळजवळ प्रत्येक शब्द घेतलेला असतो, एवढाच फरक. अशा सर्वशब्दसूची माणसांनी हातानेही केल्या आहेत. कर्नल जी. ए. जेकब यांनी प्रमुख उपनिषदांची आणि गीतेची पदसूची १८९१ साली मुंबईत प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनंतर श्लोकचरणांची सूची अनेक खंडांत काढली. अशी सूची तपासायची म्हणजे जाणत्या माणसाने मूळ ग्रंथाशी ताडून पाहायची. तपासणाऱ्याला ग्रंथ ठाऊक असे, म्हणून काय सुटले ते त्याला कळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही सोय संपली. संशोधन-अहवालांचे ढीग इतके वाढले, की ते सगळे वाचलेला माणूस उरला नाही. अमेरिकेत मॉर्टिमर टाउब यांनी एक युक्ती मांडली. विषयांचे मोठे वर्गीकरण नको. अहवालातले सुटे शब्द घ्या, प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करा आणि त्यावर त्या अहवालांचे क्रमांक लिहा. ‘पंख’ आणि ‘कंप’ या दोन्ही विषयांचे अहवाल हवे असतील, तर दोन कार्डे शेजारी ठेवून सामाईक क्रमांक पाहा. आजचा संगणक सूचीतून उत्तर काढतो तेव्हा मुळात हेच करतो. वर्गीकरणात हयात घालवलेल्या ग्रंथपालांना हा प्रकार पोरखेळ वाटला.

वाद मिटवायला १९५३ साली अमेरिकेत सामना ठरला. एकीकडे सैन्यदलांसाठी तांत्रिक अहवाल सांभाळणारी ‘अस्टिया’ ही सरकारी संस्था, दुसरीकडे टाउब यांची कंपनी. १५,००० अहवाल, ९८ प्रश्न. दोन्ही चमूंनी आपापल्या पद्धतीने उत्तरे शोधली. मग कोणते अहवाल खरोखर प्रश्नाला धरून आहेत हे ठरवायची वेळ आली, आणि सामना तिथेच कोसळला. १,३९० अहवालांबद्दल दोघांचे एकमत झाले; आणखी १,५७७ अहवाल एकाला कामाचे वाटत होते आणि दुसऱ्याला बिनकामाचे. शोध कुणाचा चांगला हे ठरवण्याआधी उत्तर कशाला म्हणायचे हेच ठरलेले नव्हते. निकाल लागलाच नाही.

३

या फसलेल्या सामन्यातून धडा घेतला तो सिरिल क्लेव्हरडन या इंग्रज ग्रंथपालाने. ते इंग्लंडमधील क्रॅनफिल्डच्या विमानविद्या महाविद्यालयात काम करत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक मोठी चाचणी हाती घेतली. विमानशास्त्रातली १८,००० प्रकाशने घेऊन ती चार पद्धतींनी सूचीबद्ध केली: दशमान वर्गीकरणाची एक पद्धत, वर्णानुक्रमे विषय, टाउब यांचे सुटे शब्द आणि चौथी पैलूवार वर्गीकरणाची. या चौथीच्या मुळाशी आपले शियाळी रामामृत रंगनाथन यांचा विचार होता. मद्रासमध्ये ग्रंथपाली करताना त्यांनी घडवलेल्या कोलन वर्गीकरणाने, १९३३पासून, ग्रंथालयशास्त्राला ही दृष्टी दिली होती.

‘उत्तर कशाला म्हणायचे’ ही अडचण क्लेव्हरडन यांनी साध्या युक्तीने ओलांडली. संग्रहातलेच एक प्रकाशन उचलायचे आणि ज्याचे उत्तर त्यात मिळेल असा प्रश्न तयार करायचा. मग सूचीत शोधायचे. ते मूळ प्रकाशन हाती आले तर उत्तीर्ण, नाही तर नापास. असे १,२०० प्रश्न वापरले. ताईंनी नकळत आमची घेतली ती हीच परीक्षा. म्हैस आत आहे हे त्यांना ठाऊक होते; ती बाहेर येते का, एवढेच पाहायचे होते.

निकालाने सगळ्यांनाच चकित केले. चारही पद्धती ७४ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान राहिल्या. ज्याला पोरखेळ म्हटले जात होते ते सुटे शब्द सर्वांत पुढे होते आणि पैलूवार वर्गीकरण सर्वांत मागे. अर्थात टीकाही झाली, आणि ती रास्त होती. ज्या लेखावरून प्रश्न बेतला, त्या लेखाचे शब्द प्रश्नात उतरणारच. शिवाय हा एक लेख सापडला की नाही एवढेच कळते. त्या विषयाचे इतर किती लेख आतच राहिले, त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून क्लेव्हरडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी चाचणी केली. तिचा अहवाल १९६६ साली आला. या वेळी संग्रह लहान ठेवला, अवघे १,४०० लेख. प्रश्न मात्र खऱ्याखुऱ्या संशोधकांकडून मागवले: तुम्ही हा निबंध लिहिलात तो कोणत्या प्रश्नापायी? मग प्रत्येक प्रश्नासाठी संग्रह चाळून काढला. विद्यार्थ्यांनी संभाव्य लेख वेचले आणि प्रश्नकर्त्या संशोधकांनी त्यांवर निवाडा दिला. उत्तरपत्रिका आधी तयार झाली, परीक्षा नंतर. आजही शोधयंत्रांची परीक्षा ज्या रीतीने होते तिला ‘क्रॅनफिल्ड पद्धत’ म्हणतात ती याचमुळे.

या चाचणीत दोन मापे रुजली. धान्य पाखडताना पाहा. सुपात उरलेल्या तांदळात खडे किती, हे एक माप. सुपात उरलेल्यापैकी खरे दाणे किती, याला प्रिसिजन म्हणतात. पाखडताना कोंड्याबरोबर उडून गेलेले दाणे किती, हा दुसरा हिशेब. एकूण दाण्यांपैकी सुपात किती राहिले, हे रिकॉल. खडे दाताखाली येतात, म्हणून खड्यांची तक्रार लगेच होते. उडालेल्या दाण्यांची तक्रार कोण करणार? त्यासाठी अंगणात जाऊन कोंडा निवडावा लागतो. क्लेव्हरडन यांना आणखी एक गोष्ट दिसली. खडे कमी करण्यासाठी जोराने पाखडाल तर दाणे जास्त उडतात. दाणे वाचवायला जपून पाखडाल तर खडे राहतात. दोन्ही हात एकदम वर नेता येत नाहीत.

आणि या दुसऱ्या चाचणीतही जिंकले ते सुटे, साधे, मजकुरातलेच शब्द.

४

शब्द जिंकले खरे, पण सगळे शब्द सारखे नसतात. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन यांनी आधी हार्वर्डमध्ये आणि मग कॉर्नेलमध्ये ‘स्मार्ट’ नावाची यंत्रणा उभी केली आणि क्रॅनफिल्डचा संग्रहही तिच्यावर तपासायला घेतला. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एक गोष्ट सिद्ध केली. ती ऐकल्यावर वाटते, हे आपल्यालाही ठाऊकच होते. जो शब्द प्रत्येक लेखात येतो तो शोधाच्या कामाचा नाही. जो थोड्या लेखांत येतो त्याला वजन द्यावे. शेतीच्या मासिकात ‘शेती’ हा शब्द शोधून काय हाती लागणार? ‘तांबेरा’ शोधला तर गव्हाच्या रोगावरचा लेख मिळेल. केंब्रिजमधल्याच मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली इंग्रजी शब्दांची शेपटे छाटून मूळ रूपाशी येण्याचे नियम प्रसिद्ध केले. एकवचन, अनेकवचन, क्रियापदांची रूपे या सर्वांना एका खुंटीला बांधणारी ही रीत पुढे सगळीकडे पसरली.

एव्हाना संग्रह फुगले होते. १,४०० लेख चाळता येतात. चाळीस हजार कोण चाळणार? आणि नेमक्या तेवढ्याच आकाराच्या संग्रहावर १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने या क्षेत्राची झोप उडवली.

५

डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांचा हा अभ्यास. अमेरिकेतल्या एका मोठ्या खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी सुमारे ४०,००० कागदपत्रे, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पाने, आयबीएमच्या ‘स्टेअर्स’ या पूर्णमजकूर-शोध यंत्रणेत भरली होती. वकिलांची अट स्पष्ट होती: एखाद्या मुद्द्याशी संबंधित निदान ७५ टक्के कागद हाती यायलाच हवेत, नाही तर ही यंत्रणा आमच्या कामाची नाही. मुद्दा देत, शोध करून घेत, निकाल पाहत, पुन्हा शब्द बदलून शोधायला लावत ते थांबत तेव्हा समाधानाने थांबत. त्यांच्या मते ७५ टक्के हाती आलेले असत.

ब्लेअर आणि मॅरन यांनी कोंडा निवडायला घेतला. न सापडलेल्या कागदांतून नमुने काढले, सापडलेल्यांत ते बेमालूम मिसळले आणि त्याच वकिलांकडून तपासून घेतले. कोणता कागद कोठून आला हे वकिलांना माहीत नव्हते. हिशेब झाला तेव्हा सुपातले खडे फारच थोडे निघाले. प्रिसिजन ७९ टक्के. रिकॉल मात्र सरासरी २० टक्के. पाचांपैकी चार कागद अंधारातच होते आणि वकील निश्चिंत होते. यादी स्वच्छ होती, म्हणूनच ते निश्चिंत होते. आमच्या पेढ्यांसारखेच हे.

असे का व्हावे? यंत्रणेत कोणतीही चूक नव्हती. मागितलेला शब्द ज्या कागदात होता तो प्रत्येक कागद तिने आणून दिला होता. घोळ माणसांच्या बोलण्यात होता. खटला एका अपघाताचा. पण ज्यांच्यावर बालंट यायचे होते ते आपल्या पत्रांत त्याला अपघात म्हणतच नव्हते. ते म्हणत ‘घटना’, ‘प्रसंग’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’. काही पत्रांत तर नावच नव्हते; गेल्या पत्रात आपण ज्या विषयाबद्दल लिहिलेत त्याबाबत, एवढेच. एका तांत्रिक दुरुस्तीला एका विभागात एक नाव होते, दुसऱ्यात दुसरे, तिच्या जनकाने स्वतः तिसरेच ठेवले होते आणि ज्या गावी तिची चाचणी झाली तिथे तिला चौथेच टोपणनाव पडले होते. अभ्यासकांनी एका नावावरून दुसऱ्याकडे जात आठवडाभर माग काढला. थांबले ते माग संपला म्हणून नव्हे. वेळ संपला म्हणून.

या अभ्यासावर पुढे वाद झाले, सॉल्टन यांनीही त्यातल्या निष्कर्षांना आव्हान दिले. पण एक गोष्ट कुणाला खोडता आली नाही. शोधणाऱ्याचे समाधान हा शोधाच्या चांगुलपणाचा पुरावा होत नाही.

पुढची मोठी पायरी अमेरिकी सरकारच्या प्रमाण-मापन संस्थेने उचलली. डोना हार्मन यांच्या पुढाकाराने १९९२ साली तिथे ‘ट्रेक’ ही परिषद सुरू झाली. लाखो लेखांचा एक संग्रह जगभरच्या चमूंना द्यायचा, ठरावीक प्रश्न द्यायचे; प्रत्येक चमूच्या यादीतले वरचे लेख एका ढिगात टाकायचे आणि तेवढेच माणसांनी तपासायचे. सगळा कोंडा निवडता येत नाही, तेव्हा अनेकांच्या सुपांतले एकत्र करून पाहायचे, असा हा व्यवहारी मार्ग. याच परिषदेशी जोडलेल्या एलेन व्हूरहीस यांनी दोन तपासनिसांचे निवाडे पडताळून पाहिले, तेव्हा १९५३चे भांडण पुन्हा समोर आले: दोघांपैकी कुणीही पसंत केलेल्या लेखांत दोघांचे एकमत निम्म्याहून कमी. पण त्यांनी पुढचेही दाखवले. तपासनीस बदलला की गुण बदलतात. कोणती यंत्रणा कोणत्या यंत्रणेपेक्षा सरस, हा क्रम मात्र फारसा हलत नाही. टाउब यांच्या सामन्यात ज्या मतभेदाने सगळे कोसळले होते, तो मतभेद गृहीत धरूनही मोजमाप करता येते, हे कळायला चार दशके लागली.

६

आता आमच्या मासिकाच्या डेटाबेसकडे येऊ. एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडलेल्या कल्पनेवर आजचे रिलेशनल डेटाबेस उभे आहेत. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची, ओळी आणि रकाने. हे जग काटेकोर आहे. खातेक्रमांक जुळतो किंवा जुळत नाही. अर्धवट जुळणे तिथे नाही. बँक, रेल्वे, पगारपत्रक यांना हेच हवे. पण रकान्यात क्रमांकाऐवजी लेख ठेवला की त्या काटेकोर जगात भाषा शिरते, आणि तिच्यामागून क्रॅनफिल्डपासूनचे सगळे प्रश्नही शिरतात.

या डेटाबेसांत मजकूरशोध हळूहळू आला. पोस्टग्रेस्क्यूएल या मुक्त डेटाबेसमध्ये ओलेग बार्तुनोव्ह आणि तेओदोर सिगाएव्ह या रशियन जोडीने तो घडवला आणि २००८च्या ८.३ आवृत्तीपासून तो मुख्य गाभ्यात आला. त्याच्या निर्मात्यांनी ठेवलेली स्वयंचलित चाचणी पाहण्यासारखी आहे. शब्दांच्या थोड्याशा विदेवर ठरावीक प्रश्न विचारायचे. आधी सूची न वापरता प्रत्येक ओळ तपासून, मग एका जातीची सूची बांधून, मग दुसऱ्या जातीची. ‘हा शब्द किंवा तो’ याला १५८ ओळी, ‘हा आणि तो’ याला १७. तिन्ही वेळा हेच आकडे यायला हवेत. एक जरी ओळ कमी आली तर चाचणी नापास. यात तथ्य आहे, कारण दोन सूचींपैकी एकीत शब्दांचा संक्षिप्त ठसाच साठवलेला असतो. वेगळ्या शब्दांचे ठसे कधी सारखे पडतात, म्हणून ती दाखवते ती ओळ पुन्हा मूळ मजकुराशी ताडावी लागते.

ही चाचणी आमच्या डेटाबेसने दिली असती आणि शंभर टक्के गुण मिळवले असते. कारण ती विचारते, ‘सूची आणि तक्ता यांचे एकमत आहे का?’ विहिरीच्या बाबतीत एकमत होतेच. दोघांनाही म्हैस दिसली नव्हती. सूची शाबूत आहे का, हा एक प्रश्न. हवे ते सापडते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर यंत्र देते. दुसऱ्याला उत्तरपत्रिका लागते, आणि ती माणसानेच लिहावी लागते.

चाचणीच फसवी असू शकते याचाही एक मासला आहे. मायएसक्यूएल या लोकप्रिय डेटाबेसच्या जुन्या मायआयसॅम तक्त्यांत असा नियम होता, की निम्म्या किंवा त्याहून अधिक ओळींत येणारा शब्द साध्या शोधात धरायचाच नाही. नवशिका माणूस तपासायला म्हणून एक-दोन ओळी भरी आणि त्यांतलाच शब्द शोधी. उत्तर शून्य! एक-दोन ओळींच्या तक्त्यात प्रत्येक शब्द किमान निम्म्या ओळींत असतोच. माहितीपुस्तिकेत याचा इशारा छापलेला असे. यंत्रणा ठीक होती, परीक्षा तोकडी होती. स्पार्क जोन्स यांनी सांगितलेले ‘सर्वत्र येणाऱ्या शब्दाला वजन नाही’ हे तत्त्व इथे पार टोकाला गेले होते. त्याच तक्त्यांत मुळात चारपेक्षा कमी अक्षरचिन्हांचे शब्द सूचीत घेतलेच जात नसत. इंग्रजीत त्याने फारसे अडत नाही. मराठीत ‘घर’, ‘ऊस’, ‘नदी’ बाहेर राहतात.

७

मराठीचा खरा पेच मात्र ‘विहीर’नेच दाखवला होता. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. पाणी, पाण्यात, ऊस, उसाला, फूल, फुलांचे. नुसते शेपूट छाटून भागत नाही, कारण ‘विहीर’मधली दीर्घ ‘ही’ ‘विहिरीत’मध्ये ऱ्हस्व होते. शब्दाचा आरंभ जुळवून पाहण्याची नेहमीची युक्तीही म्हणूनच फसते. पोस्टग्रेस्क्यूएलबरोबर येणाऱ्या शब्दछाटणीच्या नियमावल्यांत हिंदी आहे, नेपाळी आहे, तमीळ आहे. १७व्या आवृत्तीपर्यंत मराठी नाही. जुन्या अंकांची आणखी एक गंमत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली लागू झाले, त्याआधी ‘विहिरींत’ असे अनुस्वारासह लिहीत. एकाच मासिकात एकाच विहिरीची दोन लेखने! आणि ‘तऱ्हा’मधला अर्धा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, सूचीला मात्र वेगळे.

यावर काम झालेले नाही असे नाही. २००८ साली कोलकात्यात ‘फायर’ ही भारतीय भाषांची ट्रेकसारखी परिषद भरली. तिच्या पहिल्याच संग्रहांत ‘सकाळ’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मधल्या बातम्यांचा मराठी संग्रह होता, प्रश्न होते आणि माणसांनी तपासलेली उत्तरपत्रिका होती. त्या संग्रहावर स्वित्झर्लंडमधल्या नॉशातेल विद्यापीठाच्या लिल्याना दोलामित्स आणि जाक सावोय यांनीही मराठी शब्दछाटणीच्या रीती तपासल्या. मराठी शोधाला क्रॅनफिल्डची कसोटी लागली ती अशी.

पण सामान्यरूपाचा तिढा सोडवला, ऱ्हस्वदीर्घ सांभाळले, अनुस्वार पुसले, तरी ब्लेअर-मॅरन यांचा प्रश्न उरतोच. एकदा आम्हाला १९७२च्या दुष्काळावरचे लेख हवे होते. ‘दुष्काळ’ शोधला, दुष्काळाचा, दुष्काळात, सगळी रूपे आली. यादी छान लांब होती. ताईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “आता ‘टंचाई’ टाका. आणि ‘सुकडी’ टाका. ‘मिलो’ पण.”

तिन्ही शब्दांना नवे लेख आले. कामावरच्या बायाबापड्यांना वाटलेल्या सुकडीची आठवण लिहिणारीने दुष्काळ हा शब्द लिहिलाच नव्हता; तिला त्याची गरज नव्हती. परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्लेल्यांना ते एक नाव पुरत होते. ‘टंचाई’ची गोष्ट निराळी. १९६३ साली महाराष्ट्रात एक कायदा झाला, राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळण्याचा. त्याच्या जागी टंचाई या अर्थाचा शब्द आला. शासन पिकांवर सतत लक्ष ठेवते, वेळीच उपाय करते, तेव्हा दुष्काळ पडण्याइतकी पाळी येतच नाही, अशी त्यामागची भूमिका. नऊ वर्षांनी बहात्तर उजाडले. शेतकरी दुष्काळ म्हणत होता, सरकारी कागद टंचाई म्हणत होते. पन्नास वर्षांनी शोधायला बसलेला अभ्यासक यांतला एकच शब्द टाकील, तर त्याला एकाच बाजूचा इतिहास मिळेल. शिवाय यादी इतकी स्वच्छ असेल, की दुसरी बाजू असते हेही त्याच्या लक्षात येणार नाही. अमेरिकेतल्या खटल्यात ‘अपघात’ आणि ‘परिस्थिती’ यांचे जे झाले, तेच.

८

त्यानंतर आम्ही एक वही घातली. ताई टाइप करता करता तिच्यात टिपून ठेवत: डाव्या बाजूला वाचक विचारील असा प्रश्न, उजव्या बाजूला ज्या अंकात उत्तर आहे त्याचा महिना, वर्ष आणि पान. म्हैस पहिल्या ओळीवर. सूचीत काहीही बदल केला, नवी छाटणी लावली, समानार्थी शब्दांची यादी वाढवली, की आधी ही वही संगणकाला विचारायची. किती सापडले, किती सुटले, याची बेरीज शेवटच्या पानावर. क्लेव्हरडन यांना ही वही पाहून नवल वाटले नसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्यांनी हेच केले होते, थोड्या मोठ्या प्रमाणावर.

वहीतली उत्तरे पूर्ण नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यात तेच आहे जे ताईंना आठवले. जे त्यांनी टाइप केले नाही, किंवा टाइप करताना ज्याकडे लक्ष गेले नाही, ते तिच्यातही नाही. म्हणून आता दुसऱ्या टायपिस्टबाईंनाही एक वही दिली आहे. दोन वह्यांचे सगळीकडे जुळत नाही. १९५३मध्येही जुळले नव्हते. पण या वेळी आम्ही पेढे आणलेले नाहीत, आणि दोन्ही वह्या चालू ठेवल्या आहेत.